लाल बाटली, निळी बाटली

नऊ वर्षं आणि बायकोचे सहा डबे खर्ची पडले तेव्हा कुठे मला कळलं की मी मूर्ख आहे. बाकीच्यांना ते आधीपासून ठाऊक होतं का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

मी बटाटे पिकवतो. तीन एकर. हातभर रुंदीचा बांध ओलांडला की पलीकडे ताईचा एक एकर. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वडिलांनी जमीन वाटली तेव्हा मी भांडून मोठा तुकडा घेतला, आणि तिने न भांडता उंचावरचा, पाणी न साचणारा तुकडा घेतला. त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे की आमच्या घरात हुशार मी आहे.

लोक मला तोंडावर डॉक्टर म्हणतात. पाठीमागे डबल म्हणतात, कारण लेबलवर लिहिलंय त्याच्या दुप्पट औषध टाकीत ओतायचं ही माझी पद्धत. मला दोन्ही नावं माहीत होती आणि दोन्हींचा मला अभिमान होता. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

डॉक्टरकी सुरू झाली न्हाव्याच्या दुकानात. नंबर यायचा होता, समोर जुनं मासिक पडलं होतं, त्यात बटाट्यावरच्या करप्याबद्दल पानभर माहिती होती. मी अर्धं पान वाचलं आणि माझा नंबर आला. त्या अर्ध्या पानात लिहिलं होतं की एकच औषध सारखं मारलं तर रोगाला त्याची सवय होते, म्हणून औषधं आलटून पालटून वापरावीत. उरलेल्या अर्ध्या पानात काय होतं ते मला नऊ वर्षांनी कळलं. कापलेले केस झटकत मी थेट औषधाच्या दुकानात गेलो. तोवर मी लाल बाटलीतलं औषध मारायचो. दुकानदाराला म्हटलं, करप्यावर दुसरं काय आहे? त्याने निळी बाटली दिली. झालं. एका आठवड्याला लाल, पुढच्या आठवड्याला निळी. पहिली तीन-चार वर्षं पीक असं आलं की मी स्वतःला आवरू शकलो नाही.

मी लोकांना शिकवायला लागलो. न विचारता. बांधावर, चहाच्या टपरीवर, कुणाच्या तरी आजारी आईला बघायला गेलो तर तिथेही. चार वर्षांपूर्वी तर शेतकऱ्यांच्या हॉलमध्ये माझं भाषण ठेवलं गेलं. प्रोजेक्टर लावून. पडद्यावर एक लाल बाटली, एक निळी बाटली, आणि मध्ये जाणारा-येणारा बाण. तो बाण मी स्वतः काढला होता, आणि तो बघताना मला भरून आलं होतं. दुकानदाराने दुसऱ्याच दिवशी गल्ल्यावर पुठ्ठा टांगला: ‘डॉक्टरांचा लाल-निळा कार्यक्रम’. आजूबाजूचे पंधरा-वीस शेतकरी माझ्या मागे आले. आला नाही तो एकच, ताईच्या पलीकडच्या शेताचा मालक, ज्याला सगळे कंजूष म्हणतात. तो त्याची ती जुनी पिवळी पावडर मारायचा, पानावर नुसती बसून राहणारी. ‘आमची औषधं पानाच्या आत शिरतात,’ असं मी त्याला भर हॉलमध्ये ऐकवलं होतं, आणि वर अडाणी म्हणालो होतो. लोक हसले होते. मला ते हसणं फार आवडलं होतं.

माझी जीभ बांधावर अशी चालत असताना पलीकडे ताई काय करत होती? सात वर्षांपूर्वी तिला तिच्या पिकात एक झाड दिसलं होतं. आजूबाजूची माना टाकत होती तेव्हा ते ताठ उभं होतं. तिने ते खणलं, खाली बारा बटाटे निघाले. ते तिने वेगळे ठेवले. पुढच्या वर्षी लावले, वाईट निघाली ती झाडं उपटून फेकली, चांगल्यांचं बेणं धरलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी तिला म्हणायचो, ताई, तू बटाटे पिकवतेस की त्यांची परीक्षा घेतेस? ती म्हणायची, परीक्षाच. सात वर्षांनी त्या बारा बटाट्यांचा एक एकर झाला. या हंगामात पहिल्यांदा तिने तो प्लॉट बियाणं म्हणून तपासणीला दिला होता. तपासणीवाल्या बाई येऊन पास म्हणाल्या की तिचा बटाटा बेणं म्हणून इतरांना देता येणार होता. नापास झाला तर पुढची तीन वर्षं अर्जच करता येत नाही. आणि करपा खाली बटाट्यात उतरला तर अर्जाचा प्रश्नच नाही, सगळंच सडणार. घरात राखून ठेवलेलं काही नव्हतं. जेवढं होतं तेवढं सगळं तिने त्या एकरात लावलं होतं.

ज्यांनी करपा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पानावर आधी पाण्याने भिजल्यासारखा डाग दिसतो. दोन दिवसांत तो काळा पडतो. सकाळी दवात पान उलटं केलं की डागाच्या कडेला पांढरी लव दिसते, बाळाच्या कानावर असते तशी. तीच बुरशी, आणि तीच वाऱ्यावर बसून पुढच्या शेतात जाते. हवा ढगाळ आणि ओली राहिली तर आठवड्यात सगळं शेत उकडल्यासारखं होतं. त्याचा वास ज्याने घेतलाय त्याला वर्णन नको.

यंदा पीक दीड महिन्याचं झालं आणि धुकं सुरू झालं. माझ्या शेताच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, गेल्या हंगामातल्या सडक्या बटाट्यांचा ढीग तसाच पडला होता. त्यातल्या काहींना कोंब फुटून झाडं आली होती. ती मला दिसत होती. बायको दोनदा म्हणाली होती, तो ढीग पुरा. मी म्हटलं होतं, पुरू. पहिला डाग त्या ढिगाशेजारच्या ओळीत दिसला.

मी लाल मारलं. चार दिवसांनी डाग पाच ओळींत होते. मी निळं मारलं, डबल. पुन्हा चार दिवसांनी अर्धा एकर. मग मी लाल आणि निळं एकाच टाकीत कालवलं, त्याला जांभळा रंग आला, आणि पाठीवर पंप घेऊन ओळीओळींतून फिरताना मला वाटलं की आपण काहीतरी नवीन शोध लावला आहे. ताई बांधावर उभी राहून बघत होती.

ती म्हणाली, तुझं औषध लागू पडत नाहीये. मी म्हटलं, हवामानच असं आहे. ती म्हणाली, हवामान माझ्याकडेही तेच आहे. मी म्हटलं, वरून तुला काय कळणार. ती तपासणीला अठरा दिवस उरलेत एवढं सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. हातात तिच्या प्लॉटमधल्या निरोगी पानांची पिशवी होती. माझ्या बायकोला म्हणाली, घट्ट झाकणाचे डबे किती आहेत? बायकोने विचारलं, कशाला हवेत वन्सं? ताई म्हणाली, तुझ्या नवऱ्याची परीक्षा घ्यायची आहे. बायकोने आतून बाहेरून पुसून सहा डबे काढून दिले. इतक्या आनंदाने तिने मला कधी काही दिलेलं मला आठवत नाही.

ताईने प्रत्येक डब्यात तळाशी ओला कागद घातला. मग पानं एकेका औषधात बुडवून वाळवली आणि एकेका डब्यात उलटी ठेवली. एकात नुसत्या पाण्यातली, एकात लाल, एकात निळं, एकात लाल डबल, एकात निळं डबल. सहाव्यात कंजूषाकडून वाटीभर मागून आणलेली पिवळी पावडर. मग माझ्या शेतातलं लव आलेलं पान पेलाभर पाण्यात हलवून तिने त्या पाण्याचा एकेक थेंब सगळ्या पानांवर सोडला. झाकणं लावली, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि डबे आमच्या खिडकीखाली सावलीत ठेवले.

मी म्हटलं, तुझ्या घरी ठेव ना. ती म्हणाली, रोग तुझा आहे, तूच सांभाळ.

पाच दिवस मी त्या डब्यांजवळून जाताना मान फिरवत होतो. बायको मात्र रोज सकाळी वाकून बघायची आणि ‘हं’ म्हणायची. नवऱ्याला काही न सांगता फक्त ‘हं’ म्हणणाऱ्या बाईइतकं भीतीदायक काही नसतं.

सहाव्या दिवशी ताई आली आणि तिने ओळीने झाकणं उघडली. पाण्यातल्या पानांवर लव होती, ती असणारच होती. लालवर लव. निळ्यावर लव. लाल डबल, लव. निळ्या डबलवर तर अशी भरघोस लव की मला वाटलं औषधाने तिला बाळसंच आलं आहे. पिवळ्या पावडरीची पानं मात्र पहिल्या दिवशीसारखी हिरवी होती.

मी पहिल्यांदा काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, डबे नीट धुतले नसतील.

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच विषय बदलला. मी म्हटलं, पण लाल आणि निळं दोन्ही एकदम कसं निकामी होईल? मी तर आलटून पालटून मारतो. नऊ वर्षं. ताई म्हणाली, दोन्ही बाटल्या आण. मी आणल्या. तिने त्या उजेडात धरल्या, चष्मा नाकावर खाली ओढला आणि लेबलाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं वाचायला लागली. आधी लाल. मग निळी. मग पुन्हा लाल.

“दोन्हीत आतलं औषध एकच आहे,” ती म्हणाली. “नाव तेच, टक्केवारी तीच, गटाचा नंबर तोच. फक्त कंपन्या वेगळ्या.”

मी बाटल्या तिच्या हातातून घेतल्या आणि स्वतः वाचल्या. मग खिडकीपाशी जाऊन वाचल्या. मग अंगणात उन्हात जाऊन वाचल्या. उन्हातही तेच लिहिलं होतं.

न्हाव्याकडच्या उरलेल्या अर्ध्या पानात हेच होतं, ते मला आता ताईकडून कळलं. औषध बदलायचं म्हणजे बाटली नाही, आतलं बदलायचं. आणि आत शिरणारं औषध हंगामात एकदोनदाच वापरायचं, तेही पानावर बसणाऱ्या साध्या औषधाच्या जोडीने. कारण बुरशीच्या लाखो बीजांमध्ये दोन-चार अशी असतात की त्यांना ते औषध बाधतच नाही. बाकीची मरतात, ती उरतात, आणि मोकळ्या मैदानात त्यांचाच वंश वाढतो. एकच औषध मारत राहा, डोस दुप्पट करा, म्हणजे कमकुवत एकही शिल्लक राहणार नाही आणि निगरगट्ट तेवढी राहतील. नऊ वर्षं मी हेच करत होतो. रंग बदलून.

म्हणजे एकाच बांधाच्या दोन बाजूंना आम्ही भाऊबहीण पैदास करत बसलो होतो. तिने सात वर्षं निवडून निवडून बटाटा तयार केला. मी नऊ वर्षं निवडून निवडून करपा तयार केला. खरं सांगायचं तर माझं काम जास्त चोख झालं होतं. फक्त माझ्या वाणाला तपासणीची गरज नव्हती, तो आपोआप सगळीकडे पोचत होता.

राग आला की माणूस आधी दुसऱ्याचं घर गाठतो. मी दुकानात गेलो आणि दोन्ही बाटल्या गल्ल्यावर आपटल्या. दुकानदाराला म्हटलं, नऊ वर्षं तुम्ही मला एकच माल दोन नावांनी विकलात. त्याने शांतपणे हातातला कागद खाली ठेवला.

“डॉक्टर, तुम्ही म्हणालात दुसरं द्या, मी दुसरं दिलं,” तो म्हणाला. “वेगळं द्या असं कधी म्हणालात?”

मी गल्ल्यावरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. मग म्हटलं, तो पुठ्ठा तरी काढा. तो म्हणाला, अजून माल शिल्लक आहे, संपला की काढतो. या माणसाला मी चार शिव्या देऊ शकलो असतो, आणि त्या त्याला लागूही पडल्या असत्या, कारण लेबल त्याने नक्की वाचलं होतं. पण मी विचार केला, हा तरी पोटासाठी करतो. मी कशासाठी करत होतो? पडद्यावरच्या बाणासाठी.

घरी आलो तर ताई अजून बसलेली होती. तिने कागदावर तिच्या प्लॉटचा चौकोन काढला होता आणि भोवती चार शेतं. एक कंजूषाचं. एक माझं. उरलेली दोन माझ्या दोन शिष्यांची, दोघेही लाल-निळ्याचे कट्टर. त्यांच्याकडेही डाग दिसायला लागले होते, आणि तेही माझ्यासारखेच लालवर निळं, निळ्यावर लाल मारत सुटले होते. तिच्या प्लॉटवर ती स्वतः धुक्याच्या आधी पिवळी पावडर मारत होती, मध्ये एकदा दुसऱ्याच गटाचं, म्हणजे आतून वेगळं औषध मारलं होतं, आणि अजून तिच्याकडे एकही डाग नव्हता. पण तिन्ही बाजूंनी रोज सकाळी बीजांचा मारा चालू राहिला तर पावडर किती दिवस टिकणार? तिचं म्हणणं असं की माझ्या एकट्याचं थांबून भागणार नाही. तिघांचं थांबायला हवं. आणि ते दोघं थांबणार फक्त एकाच माणसाच्या सांगण्यावरून.

“उद्या दुपारी हॉलमध्ये लोकांना बोलाव,” ती म्हणाली. “तू सांगतोस का मी सांगू?”

मी म्हटलं, लोक आधीच काळजीत आहेत, एकदम असं कसं सांगायचं, आधी दोन-चार जणांना खासगीत सांगतो, मग बघू. मी आणखीही बरंच बोललो. ‘योग्य वेळ’ हा शब्द मी तीनदा वापरला. ती ऐकत होती. मग तिने एवढंच विचारलं की खासगीत सांगितलेलं गावभर पोचायला किती दिवस लागतात, आणि तपासणीला किती दिवस राहिलेत. बारा राहिले होते. मी फोन उचलला.

हॉल तोच होता. त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तोच भिंतीवर ओल आलेला पडदा. चार वर्षांपूर्वी साठ माणसं होती, आज पंचवीस असतील. ताई आणि बायको मागच्या ओळीत बसल्या. मी ते सहा डबे टेबलावर मांडले, झाकणं उघडली आणि लोकांना म्हटलं, या आणि बघा. ते आले, वाकले, त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या.  मग मी दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि लेबलाच्या तळाची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. दोन्हींची. माझाच आवाज मला परक्या माणसासारखा वाटत होता, आणि तो माणूस मला फारसा आवडला नाही.

पहिला प्रश्न शिष्य क्रमांक एकचा. त्याने विचारलं, म्हणजे चार वर्षं आम्ही शेतावर काय मारलं? मी म्हटलं, सुरुवातीला औषध. गेली दोन वर्षं बहुतेक रंगीत पाणी. मागून कुणीतरी म्हणालं, पाणी तरी बरं, पाण्याने करपा पोसला जात नाही. सगळे हसले. हे हसणं मागच्या वेळच्या हसण्यासारखंच होतं, फक्त आता मी दुसऱ्या टोकाला उभा होतो.

मग कंजूष उठला. मला वाटलं आता हा चार वर्षांचं व्याज वसूल करणार. तो म्हणाला, पावडर पान ओलं व्हायच्या आधी मारायची, नंतर मारून उपयोग नाही, पानाच्या खालूनही मारायची आणि पाऊस पडला तर पुन्हा मारायची. एवढं सगळं त्याने कामाचं सांगितलं. मग बसता बसता माझ्याकडे बघून म्हणाला, “मी अडाणी ठरलो तेव्हा हॉल जास्त भरला होता रे.” आणि बसला. मला वाटतं त्याने मला फार स्वस्तात सोडलं. पण कंजूष म्हणतात ते उगीच नाही, त्याने शब्दही मोजूनच वापरले.

ताईने लिहून दिलेलं मी वाचून दाखवलं. लाल-निळं आजपासून बंद. सडके ढीग खोल पुरा. ज्याच्याकडे रोग नाही त्याने पावडर मारायला लागावं. ज्याच्या शेतात रोग पसरला आहे त्याने तेवढ्या भागाचा पाला कापून टाकावा, म्हणजे बीजं उडायची थांबतील आणि खालचे बटाटे तरी सडायचे वाचतील. पाला कापला की बटाटा वाढायचा थांबतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. दोन महिन्यांचं पीक कापायचं म्हणजे हातात गोट्या येणार.

शिष्य क्रमांक दोन आडदांड आहे, आणि त्याचं शेत ताईच्या प्लॉटच्या वाऱ्याच्या बाजूला आहे. तो म्हणाला, “आम्ही कापतो. तुम्ही किती कापणार, डॉक्टर?”

मी घरून ठरवून आलो होतो. कोपऱ्यातला अर्धा एकर, फार तर एक. मी तोच आकडा सांगणार होतो. पण तो ‘डॉक्टर’ म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडावर जे काही होतं ते बघून माझ्या तोंडून निघालं, “सगळं.”

मागच्या ओळीत बायकोला ठसका लागला.

परत येताना ती म्हणाली, सगळं म्हणायची काय गरज होती? दोन एकर म्हटलं असतंत तरी लोक हसलेच असते. मी म्हटलं, रोग तीनही एकरांत आहे. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होते.

पाला ओला असताना कापायचा नसतो, नाहीतर रोग कापणाऱ्याच्या कपड्यांवर बसून फिरतो. म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन वर येऊन पानं कोरडी होईपर्यंत थांबलो. मग मी, बायको, ताई आणि दोन मजूर विळे घेऊन उतरलो. बांधाकडून सुरुवात केली. मला वाटलं होतं की नऊ वर्षांचा माज एवढा मोठा आहे तर तो कापायला तरी वेळ लागेल. दोन दिवसांत तीन एकर सपाट झालं. कापलेल्या पाल्याचे ढीग आम्ही तिथल्या तिथे खड्ड्यात गाडले आणि वरंब्यांवर माती चढवली, म्हणजे पावसाने बीजं खाली बटाट्यांपर्यंत धुऊन जाऊ नयेत. बांधाजवळचा जुना ढीगही पुरला. बायको शेजारी उभी राहून बघत होती. काही बोलली नाही, ‘हं’सुद्धा नाही.

शिष्य क्रमांक एकने अर्धा एकर कापला. आडदांडाने तिसऱ्या दिवशी येऊन माझं उघडं शेत बघितलं, इकडून तिकडे चालत गेला, आणि संध्याकाळच्या आत त्याचा एक एकर कापून मोकळा झाला. जाताना म्हणाला, तुमच्यामुळे पेरलं आणि तुमच्यामुळेच कापलं, तुम्ही माणूस आहात की हंगाम?

मधल्या दिवसांत मी रोज सकाळी ताईच्या परवानगीने तिच्या प्लॉटच्या कडेने चालत होतो. आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. कपडे बदलून, बूट धुऊन यायचं आणि कडेनेच बघायचं. तपासणीच्या चार दिवस आधी बांधाकडच्या ओळीत मला एक डाग दिसला. करंगळीच्या नखाएवढा. मी उभा राहिलो. सांगावं की नाही, असा विचार माझ्या मनात आला हे मी लिहून ठेवतो, कारण तो आला होता. मग मी ताईला हाक मारली. तिने ते झाड पिशवी घालून मुळासकट उपटलं, शेजारची चारही उपटली, आणि पुन्हा पावडर मारली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन ठिकाणी. सगळी बांधाकडच्या सहा ओळींत.

तपासणीवाल्या बाई सकाळी आल्या. उंच बूट, गळ्यात भिंग, हातात फळीवर लावलेला कागद. त्या ओळीओळींतून चालत होत्या, मध्येच वाकून पान उलटत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नव्हतं. ताई त्यांच्या दोन पावलं मागे. मी बांधावर. बांधाकडच्या ओळींत त्या बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी उपटलेल्या झाडांचे खड्डे बघितले आणि वळून विचारलं की रोग कुठून आला. कागदावर तसा एक रकाना होता.

ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, हवेतून येतो तो, कुठून आला काय सांगणार. सात वर्षं जिने एकेका झाडाची परीक्षा घेतली ती माझी बहीण खोटं बोलली, तेही इतकं वाईट की बाईंनी पेन उचललंच नाही.

“माझ्या शेतातून आला,” मी म्हटलं. “या औषधांना न जुमानणारा आहे तो. मीच तयार केलाय. लाल-निळ्या दोन्ही बाटल्यांचा उपयोग नाही म्हणून लिहा, म्हणजे पुढच्या गावाला कळेल.”

बाईंनी माझ्या मागच्या उघड्या तीन एकरांकडे बघितलं आणि विचारलं की कधी कापलं. मी सांगितलं. त्यांनी ते लिहिलं. औषधाचं आतलं नाव विचारलं, तेही लिहिलं. मग त्या ताईला म्हणाल्या की बांधाकडच्या सहा ओळी बाद, त्या आजच काढून नष्ट करायच्या. उरलेला प्लॉट पास. बटाटे काढताना त्या पुन्हा एकदा येऊन बघणार होत्या.

पास हा शब्द ऐकून ताई जागच्या जागी उभी राहिली. बाई गाडीपर्यंत गेल्या तरी ती तशीच. मला वाटलं रडेल. ती वाकली आणि एका वरंब्यावरची माती हाताने नीट केली, जी आधीच नीट होती.

मी म्हटलं, तू खोटं कशाला बोललीस?

“तू खरं बोलशील असं मला वाटलं नव्हतं,” ती म्हणाली.

मग तिने मला पिशव्या दिल्या आणि सहा ओळी दाखवल्या. मी उपटायला लागलो. झाडाखाली बटाटे निघत होते, अंड्याएवढे, गुळगुळीत, पिवळसर कातडीचे, एकही डाग नसलेले. सात वर्षांतले. त्यातला एकही ठेवायची परवानगी नव्हती. मी पिशव्या भरत होतो आणि ती बांधावर बसून मला पुढची दोन वर्षं सांगत होती. तुझ्या शेतात बटाटा लावायचा नाही. टोमॅटोही नाही, त्यालाही हाच रोग होतो. मका लाव, नाहीतर वाटाणा. मातीत राहिलेले बटाटे उगवले की दर आठवड्याला उपटायचे.

मी सवयीने म्हटलं, मक्याचं मी जरा वाचलंय, त्यात असं असतं की...

“किती वाचलंयस?” तिने विचारलं.

मी पुढचं झाड धरलं. अजून साडेचार ओळी बाकी होत्या, आणि ऊन डोक्यावर आलं होतं.